शॉकअप घरी बदलायचे की गॅरेजमध्ये? आधी स्प्रिंग कुठे बसलीय ते बघा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या २०१३च्या हॅचबॅकचे चारही शॉकअप बदलले. मागचे दोन सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः बदलले. पुढचे दोन अर्धे मी आणि अर्धे गॅरेजवाल्याने. हे 'अर्धे' म्हणजे काय, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर दोन रविवार आणि एक नवा कोरा शॉकअप वाचला असता. म्हणून हे लिहितोय.

या कामाबद्दल कुणाला विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, 'अरे सोपं आहे, व्हिडिओ बघून होतं.' दुसरं, 'वेडा आहेस का, गॅरेजला दे.' दोन्ही उत्तरं अख्ख्या कामाबद्दल बोलतात आणि तिथेच गडबड होते. हे काम चार-पाच वेगवेगळ्या तुकड्यांचं आहे. त्यातले काही पाने धरता येणाऱ्या कुणालाही जमतात, आणि एक तुकडा असा आहे की तो चुकला तर हात किंवा जबडा मोडतो.

१. शॉकअपच गेलाय का, हे आधी ठरवा

पुढून 'टक टक' आवाज आला की शेजारीपाजारी लगेच 'शॉकअप गेले' म्हणतात. बऱ्याचदा गेलेला असतो लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझरला (वळणावर गाडीचं कलणं आवरणाऱ्या आडव्या दांड्याला) जोडणारी छोटी दांडी. तो शॉकअपच्या मानाने फारच स्वस्त, आणि दोन नटांचं काम. आवाज कधी येतो ते नीट ऐका:

- सावकाश जाताना बारीक खड्ड्यांवर टकटक: लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे बुश (सांध्यातले रबर).
- ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच जाड 'ठक': लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या हाताचा) बुश किंवा बॉल जॉइंट, म्हणजे त्याच्या टोकाचा गोळ्याचा सांधा.
- गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं की स्प्रिंग उडी मारल्यासारखा 'कटाक': स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या एकत्र नळीच्या) डोक्यावरचं माउंटिंग, म्हणजे रबरी बैठक, आणि त्यातलं बेअरिंग.
- आवाज फारसा नाही, पण स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीन वेळा झुलते, घाटात वळणावर तरंगल्यासारखी वाटते, टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागतो: आता शॉकअपकडे बघा.

शॉकअपच्या अंगावर तेल ओघळून त्यावर धूळ बसलेली दिसली तर प्रश्न मिटला. नुसता ओलसरपणा असेल तर पुसून घ्या आणि आठवड्याने पुन्हा बघा. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळे सांगतात, पण तिच्यात पूर्ण मेलेलाच शॉकअप कळतो. अर्धमेला पास होतो.

आणखी एक. स्प्रिंगच्या वेटोळ्यात अडकवायचे रबरी बफर बाजारात मिळतात. त्यांनी स्प्रिंग कडक होते, गाडी थोडी उचलल्यासारखी दिसते. पण झुलणं थांबवण्याचं काम शॉकअपचं असतं, आणि मेलेला शॉकअप बफरने जिवंत होत नाही.

२. वाकून मांडणी ओळखा

स्विफ्ट, आय२०, पोलो अशा बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५०च्या आसपास फोर्डच्या गाड्यांत आली आणि जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली, कारण जागा कमी लागते आणि खर्चही कमी. शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाला उभं धरणारा खांब असं तिन्ही एकाच नळीत. बनवणाऱ्याचा खर्च वाचला, पण शॉकअप बदलायचा तर स्प्रिंग सोडवावीच लागते.

मागे बहुतेक ठिकाणी स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. चाकाच्या कमानीत डोकावा. शॉकअपच्या अंगाभोवती स्प्रिंग गुंडाळलेली नसेल, ती बाजूला स्वतंत्र उभी असेल, तर तुमचं नशीब चांगलं. गुंडाळलेली असेल तर मागचं कामही पुढच्यासारखंच समजा.

३. काम वाटून घ्या

छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला साधारण दोन किलोचा भार लागतो असं धरा. स्ट्रटवरून सोडवण्याइतकी ती दाबायची म्हणजे दहा-बारा सेंटिमीटर. म्हणजे दोनशे-अडीचशे किलो. तेवढा जोर दोन बारीक आकड्यांवर धरलेला असतो आणि तुमचं तोंड त्यापासून हातभर अंतरावर असतं. ऑनलाइन मिळणारे दोन लांब स्क्रूचे स्प्रिंग कॉम्प्रेसर मी हातात घेऊन पाहिलेत. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आवळली गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते, आणि वाकलेली स्प्रिंग आकड्यातून निसटायला बघते. गॅरेजमध्ये भिंतीला किंवा स्टँडला पक्कं बसवलेलं यंत्र असतं. त्यात स्प्रिंग सरळ दाबली जाते आणि दोन्ही बाजूंचं काम तासाभरात होतं.

म्हणून माझी वाटणी अशी:

- मागचा शॉकअप, स्प्रिंग वेगळी असेल तर: घरी.
- लिंक रॉड: घरी.
- पुढचा स्ट्रट अख्खा गाडीतून उतरवणं आणि चढवणं: घरी, पण सोबत कुणीतरी हवं.
- उतरवलेल्या स्ट्रटवरून स्प्रिंग काढून नव्यावर चढवणं: गॅरेज. इथे घासाघीस नको.
- लोअर आर्मचे बुश: गॅरेज. प्रेस लागते, हातोडीने ठोकलेला बुश तिरका बसतो.
- अलाइनमेंट: बाहेरच, दुसरा पर्याय नाही.

पैशांचं गणित? एकदाच करायचं असेल तर घरी करून फारसं वाचत नाही. घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) आणि सॉकेट सेट घेण्यात पहिल्या वेळची मजुरी संपते. वाचतं ते दुसऱ्या वेळी, किंवा भावाच्या गाडीच्या वेळी. मी केलं ते वेगळ्या कारणाने. आधी एका गॅरेजने पुढचे शॉकअप बदलून जुनंच माउंटिंग आणि फाटलेलं धूळकव्हर परत चढवलं होतं. बिलात मात्र दोन्ही नवीन. स्वतः उतरवलेल्या स्ट्रटमध्ये काय आत गेलं हे आपल्या डोळ्यांसमोर असतं.

दोन गोष्टी असतील तर घरी हात लावू नका. फोर्ड फिएस्टासारख्या गाड्यांत स्ट्रटची नळी नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याच्या) खोबणीत आवळून बसलेली असते. ती गंजली की खोबण उघडायचं हत्यार नसेल तर दिवस जातो. आणि गाडी रत्नागिरी-मालवणकडे समुद्राजवळ चार-पाच पावसाळे काढलेली असेल, तर बोल्ट फिरण्याऐवजी तुटण्याचीच तयारी ठेवा. तिथे गॅरेजवाल्याची गॅसबत्ती लागते.

४. पार्ट घेताना

पुण्यात असाल तर गाड्यांच्या पार्टसाठी नाना पेठेत एक चक्कर होतेच. जाताना आरसी बुकाचा फोटो आणि चॅसी नंबर जवळ ठेवा. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंग वेगळ्या असतात, कारण डिझेल इंजिन जड. पुढचे शॉकअप डावा-उजवा वेगळे असतात. खोक्यावरचं अक्षर आणि आतल्या नळीवरचं अक्षर जुळतंय का ते दुकानातच बघा.

कंपनीच्या शोरूमचाच पार्ट हवा असं नाही. गॅब्रिएलसारखी नावं गाडी कंपन्यांनाही माल देतात. त्यांचे कारखाने आपल्या चाकण-नाशिकलाच आहेत. धोका ब्रँडचा नसतो, धोका नकली खोक्याचा असतो. पक्कं बिल न देणाऱ्याकडून घेऊ नका. शॉकअप जोडीनेच बदलायचा. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे नव्वद हजार किलोमीटर झालेला, असं केलं की ब्रेक मारताना गाडी कुठे वळेल याचा भरवसा नाही.

शॉकअपबरोबर हे घ्यायचंच: वरचं माउंटिंग बेअरिंगसह, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर), धूळकव्हर आणि नवे लॉकनट. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडणं परवडत नाही.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगबद्दल मी स्पष्ट बोलतो: आपल्या रस्त्यांवर नको. २०१८च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. ३५ मिलिमीटर खाली आणली की उरले १२८, तेही रिकाम्या गाडीत. नियमातला स्पीडब्रेकर १०० मिलिमीटर उंच असतो, आणि आपल्या गल्लीतला नियम वाचून बांधलेला नसतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ नोंदींपासून गाडी बदलायला बंदी आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ मापाचा शॉकअप दुसऱ्या कंपनीचा घेणं ही झाली दुरुस्ती. गाडीची उंची बदलणं हा बदल, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर नेमकं तेच बघतो.

५. सामान जमवा

- दोन टनांचा ट्रॉली जॅक. गाडीबरोबर आलेला कात्रीचा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता.
- दोन घोड्या. यांच्याशिवाय काम सुरूच करू नका.
- चाकांमागे लावायला लाकडी ठोकळे किंवा विटा.
- सॉकेट सेट, लांब दांडा, १२ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने, अॅलन की (षटकोनी दांड्याची किल्ली).
- टॉर्क रेंच.
- तारेचा ब्रश आणि डब्ल्यूडी-४०सारखा स्प्रे.
- मार्कर, सुतळी किंवा जाड तार, हातमोजे, चष्मा.
- तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं टॉर्कचं (कोणता नट किती जोराने आवळायचा त्याचं) पान. दुसऱ्या गाडीचे आकडे चालत नाहीत.

सोसायटीत काम करणार असाल तर एक सूचना: पेव्हर ब्लॉकवर घोडी थेट ठेवू नका. ब्लॉक एका बाजूने खचतो. खाली जाड फळी टाका. आणि सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर गाडीचं चाक काढलेलं असताना 'ही जागा धुवायची आहे' असं ऐकावं लागतं.

आदल्या रात्री सगळे बोल्ट तारेच्या ब्रशने घासून स्प्रे मारून ठेवा. सकाळी अर्धी मेहनत वाचते.

६. मागचे शॉकअप

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. उचला, घोड्या लावा, गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा लावा. मग चाकं काढा, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा.

आता महत्त्वाचं. मागचा बीम किती खाली लटकेल हे शॉकअप ठरवतो. तो काढलात की बीम धाडकन खाली येतो, ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, स्प्रिंग जागेवरून सुटते. म्हणून बीमखाली जॅक लावून हलकासा आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू सोडा.

वरचा नट काही गाड्यांत चाकाच्या कमानीतूनच मिळतो, काहींत डिकीतलं प्लॅस्टिक काढावं लागतं. तो फिरवताना शॉकअपचा दांडाही सोबत फिरतो. इथेच माझा शॉकअप वाया गेला. नवा बसवताना दांडा फिरू नये म्हणून मी चकचकीत भागावर पकड लावली. त्यावर केसाएवढा ओरखडा आला, तो ओरखडा दर धक्क्याला सीलवरून आतबाहेर करत राहिला, आणि तीन आठवड्यांत तेल बाहेर. दांड्याच्या टोकाला अॅलन की किंवा पान्यासाठी जागा असते. तिथेच धरा, बाकी कुठेही नाही.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. दुकानात आडवा पडून आत गेलेली हवा वर येते. पट्टीने बांधून आलेला गॅसचा शॉकअप पट्टी कापली की आपोआप लांबतो. तोंड बाजूला ठेवा.

खालचा बोल्ट हाताने घट्ट करा, पण पूर्ण आवळू नका. तो रबरी बुशमधून जातो. चाक लटकत असताना आवळला तर बुश त्याच स्थितीत पकडला जातो, आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो. मग चुंई-चुंई आवाज येतो आणि बुश लवकर फाटतो. चाकं जमिनीवर टेकल्यावर, किंवा जॅकने बीम तेवढा वर घेऊन, मग टॉर्क द्या.

मला पहिल्या बाजूला अडीच तास लागले. दुसऱ्या बाजूला चाळीस मिनिटं.

७. पुढचा स्ट्रट उतरवणं

गाडी वर, घोड्या पक्क्या, चाक बाहेर. मग या क्रमाने:

१. काही सोडण्याआधी फोटो काढा. दोन मोठे बोल्ट स्ट्रटला नकलशी जिथे धरतात तिथे नटाभोवती आणि स्ट्रटच्या पट्टीच्या कडेला मार्करने रेघ मारा. चाकाचा कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) याच बोल्टांच्या बसण्यावर असतो.

२. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. ही वायर विसरली की शेवटी तुटलेलं सेन्सर घेऊन शोरूमला जावं लागतं.

३. लिंक रॉडचा नट काढा. तोही फिरतो, मधल्या खाचेत अॅलन की धरा.

४. लोअर आर्मखाली जॅकचा आधार द्या आणि नकल सुतळीने किंवा तारेने मागे बांधा. दोन मोठे बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतो. सैल सोडला तर अॅक्सलचा आतला जॉइंट खेचला जाऊन उघडतो, आणि मग शॉकअपचं काम बाजूला राहतं.

५. दोन मोठे बोल्ट काढा. हातोडी मारायचीच असेल तर नट दोन आटे चढवून त्यावर मारा, म्हणजे आटे चेपत नाहीत.

६. बॉनेट उघडा. स्ट्रटच्या डोक्यावर कडेने दोन-तीन छोटे नट आणि मध्ये एक मोठा दिसेल. मधल्या नटाला हात लावायचा नाही. दबलेली स्प्रिंग त्याच एका नटावर अडलेली असते. सोबतच्या माणसाला खालून स्ट्रट धरायला सांगा, मग कडेचे नट काढा. तुमच्या गाडीत कडेला नटच नसतील, मध्ये फक्त एकच असेल, तर इथेच थांबा आणि पुढचं काम अख्खं गॅरेजला द्या. कोणता नट गाडी धरतो आणि कोणता स्प्रिंग, हे अंदाजाने ठरवायचं नाही.

८. गॅरेजमध्ये काय सांगाल

दोन्ही स्ट्रट आणि नवे पार्ट पोत्यात घालून रिक्षाने न्या. जाण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: स्प्रिंग दाबायचं यंत्र स्टँडचं आहे का? आणि बाहेरून आणलेल्या पार्टवर काम कराल का? बरेच जण दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणतात. त्यांचा नफा पार्टवर असतो, त्यामुळे राग धरू नका, पुढच्याला विचारा.

समोर उभं राहून एवढं बघा. स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या (स्प्रिंग बसते त्या थाळीच्या) पायरीला टेकलंय का? नसेल तर पहिल्याच खड्ड्यात ती फिरून जागेवर पडेल. बंप स्टॉप आणि धूळकव्हर नवे गेले का? मधला नट फिरवताना इम्पॅक्ट गनने (नट फिरवायच्या यंत्राने) दांडा गरागरा फिरवत असतील तर थांबवा, हाताने करा म्हणा. माउंटिंगवर बाण किंवा खूण असेल तर ती जुन्याच्या दिशेला जुळवा. जुने पार्ट परत मागा.

९. चढवणं

उतरवल्याच्या उलट क्रमाने. आधी वरचे नट हातानेच दोन-तीन आटे, मग खालचे दोन बोल्ट मार्करच्या रेघेला जुळवून, मग लिंक रॉड, वायर, पाइप. ब्रेकचा पाइप पिळलेला नाही ना हे स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. सगळे नट बसल्यावरच टॉर्क रेंच हातात घ्या, आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर मार्करने टिंब द्या. टिंब नसलेला नट म्हणजे विसरलेला नट. चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर, समोरासमोरचे घेत.

१०. पहिली फेरी आणि अलाइनमेंट

आधी पार्किंगमध्येच पुढे-मागे करा, ब्रेक दाबून बघा. मग वीसच्या वेगाने एक स्पीडब्रेकर. घाबरवणारा आवाज बहुधा सैल राहिलेल्या लिंक रॉडचा असतो.

स्टेअरिंग थोडं तिरकं येईल. रेघ कितीही काळजीने जुळवली तरी येतंच. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घ्या; टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) बिघडलेला असेल तर टायरची आतली किंवा बाहेरची कड लवकर खाल्ली जाते. डिकीतलं सामान काढा, हवा सारखी भरून न्या. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. अनेक छोट्या गाड्यांत फक्त टो बदलता येतो. कॅम्बरचा आकडा लाल दिसला की ऑपरेटर 'आर्म बदला' म्हणेल. घाईने हो म्हणू नका. दोन मोठे बोल्ट सैल करून नकल किंचित आत-बाहेर ढकलला की तेवढा फरक बऱ्याचदा निघतो. तेवढं त्यालाच करायला सांगा.

दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर चाकं उतरवून सगळे नट एकदा टॉर्क रेंचने तपासा. माझा लिंक रॉडचा एक नट पाव फेरा फिरला. अलाइनमेंटचा कागद, पार्टचं बिल आणि फोटो एकत्र करून मी गाडीच्याच खणात ठेवलेत. तेच बिल घेऊन तो तेल गळालेला शॉकअप दुकानदाराला दाखवायला गेलो होतो. त्याने दांड्यावरचा ओरखडा बोटाने चाचपला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पकड लावली होती का?"